वाचकांचे प्रश्न : सवलतीतला पॉवर सप्लाय

प्रश्न : मी वास्तुविशारदांसाठी त्रिमिती चित्रे तयार करून देण्याचा व्यवसाय घरूनच करतो आणि त्याची जीएसटी नोंदणी केलेली आहे. नव्या संगणकासाठी रायझन ९ ९९५०एक्स हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०८० हे ग्राफिक कार्ड घेतले असून, रेंडरिंगचे, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र तयार करून घेण्याचे, काम बहुतेक रात्री सलग दहा तास चालते. लॅमिंग्टन रोडवर पॉवर सप्लायची, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची, चौकशी केली तेव्हा तीन पर्याय मिळाले. पहिला, नामांकित कंपनीच्या मागील मॉडेलचा, ८५० वॉटचा, गोल्ड दर्जाचा शिल्लक माल. त्यावर चांगली सवलत आहे आणि बिल न घेतल्यास किंमत आणखी उतरते. दुसरा, क्रिप्टो मायनिंगसाठी वापरलेला १२०० वॉटचा, निम्म्या किमतीत. तिसरा, अपरिचित कंपनीचा नवाकोरा १२०० वॉटचा, सर्वांत स्वस्त. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे ४५ अँपिअर असे छापलेले आहे. कोणता घ्यावा?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : तिसऱ्या पर्यायाचा निकाल आपण उतरवून घेतलेल्या लेबलवरच लागतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोन्ही मोठे भाग १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात, ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाहिन्यांवर तुलनेने फारच थोडा भार असतो. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॉट, त्यामुळे १२ गुणिले ४५ म्हणजे ५४० वॉट एवढीच त्या पॉवर सप्लायची खरी कुवत आहे आणि खोक्यावरचा १२०० हा आकडा उपयोगाचा नाही. आपल्या ग्राफिक कार्डाची कमाल मागणी ३६० वॉट आणि प्रोसेसरची २३० वॉट, म्हणजे दोघांची मिळूनच ५९० वॉट होते. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क आणि पंखे यांचे शंभर वॉट अजून बाजूलाच आहेत. प्रामाणिक ८५० वॉटच्या पॉवर सप्लायवर याच रकान्यात सत्तरच्या आसपास अँपिअर दिसतात. दुकानात खोके हातात घेतल्यावर सर्वप्रथम हा रकाना वाचावा, अशी माझी प्रत्येक वाचकाला कळकळीची विनंती आहे.

दुसऱ्या पर्यायाविषयी आपल्याला मोह होणे स्वाभाविक आहे, कारण मायनिंगसाठी घेतलेले पॉवर सप्लाय पुष्कळदा मुळात उत्तम प्रतीचे असत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि असा बराच माल जुन्या बाजारात आला. तथापि, ही यंत्रे महिनोन्‌महिने दिवसरात्र, गरम खोलीत, जवळजवळ पूर्ण भारावर चाललेली असतात. पॉवर सप्लायमध्ये सर्वांत आधी थकतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून प्रवाह स्थिर ठेवणारा घटक. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला रूढ आडाखा आहे. हा थकवा बाहेरून दिसत नाही आणि दुकानातल्या पाच मिनिटांच्या चाचणीत कळतही नाही. शिवाय अशा मालाबरोबर मूळ केबल क्वचितच येतात. मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या, केबलचे पॉवर सप्लायकडचे टोक कसे जोडावे याचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायमध्ये पुष्कळदा नीट बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क क्षणात जळते. माझ्या परिचयातील दादरच्या एका छायाचित्रकाराच्या दोन डिस्क अशाच गेल्या आणि त्यांत तीन लग्नांचे चित्रीकरण होते. त्या तीन कुटुंबांना उत्तर देताना त्याची झालेली अवस्था मी पाहिलेली आहे, म्हणून या मुद्द्यावर मी सौम्यपणे लिहू शकत नाही. हा पर्याय सोडून द्यावा.

राहिला पहिला पर्याय, आणि तो मला मनापासून योग्य वाटतो. सवलत किती आहे यापेक्षा ती का आहे, हे आधी विचारावे. येथे कारण स्वच्छ आहे : नवे मॉडेल आले, म्हणून जुने उतरत्या भावात निघाले. आपल्या यंत्राची एकूण गरज सुमारे ६९० वॉट असून आरटीएक्स ५०८० साठी ते बनवणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीची शिफारसही ८५० वॉटचीच आहे, त्यामुळे १२०० च्या मागे धावण्याचे कारण नाही. फक्त तो पॉवर सप्लाय एटीएक्स ३.० या, संगणकाच्या पॉवर सप्लायसाठी ठरवलेल्या, प्रमाणाचा आहे का, हे पाहून घ्यावे. आधुनिक ग्राफिक कार्डे क्षणभर नेहमीपेक्षा बरीच अधिक वीज खेचतात. २०२२ च्या या प्रमाणानुसार पॉवर सप्लायने आपल्या कुवतीच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. त्यानंतरच्या ३.१ मध्ये कार्डाला वीज देणाऱ्या सोळा पिनांच्या जोडणीत जी सुधारणा झाली ती कार्डाकडच्या खाचेत आहे, केबलमध्ये नाही, आणि आपल्या कार्डावर ती सुधारित खाच आहेच. म्हणून केवळ ३.१ नसल्यामुळे माल स्वस्त झाला असेल, तर ती सवलत निर्धास्तपणे घ्यावी. पॉवर सप्लाय त्याहूनही जुना निघाला आणि कार्डाबरोबरचा अडॅप्टर वापरावा लागला, तर त्याच्या प्रत्येक तोंडाला पॉवर सप्लायपासून स्वतंत्र केबल आणावी. एकाच केबलच्या दोन शेपट्या त्यात अडकवू नयेत.

बिल मात्र घ्यावेच. बिल टाळून वाचणारे पैसे बहुधा १८ टक्के जीएसटीचे असतात, आणि नोंदणीकृत व्यावसायिक म्हणून आपण व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूवरील तो कर नियमानुसार आपल्या देय करातून वळता करून घेऊ शकता. म्हणजे बिलाविना मिळणारी ती जादा सवलत आपल्यासाठी मुळात सवलतच नाही, उलट तिच्या बदल्यात अनेक वर्षांची हमी आपण दुकानातच सोडून येता. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि तो कंपनीच्या भारतातील वितरकाच्या हमीत बसतो का, याची खातरी पैसे देण्यापूर्वी करावी.

गोल्ड या शिक्क्याबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. हा शिक्का देणारी ८० प्लस ही चाचणी वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगते. निम्म्या भारावर गोल्डला ११५ व्होल्टच्या चाचणीत किमान ९० टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. ९० टक्क्यांऐवजी ८२ टक्के कार्यक्षमतेचा पॉवर सप्लाय घेतला, तर आपल्या भारावर सुमारे ७५ वॉट अधिक जातील. दहा तासांच्या ३०० रात्रींचा हिशेब केला तर वर्षाला सुमारे २२५ युनिट होतात, आणि ती सारी उष्णता मुंबईच्या मे महिन्यात आपल्याच खोलीत राहते. पण ही चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या तापमानाला होते आणि धोक्याच्या वेळी वीज तोडणारी संरक्षक मंडले वेळेवर काम करतात की नाही, हे ती तपासत नाही. २०२१ मध्ये एका मोठ्या तैवानी कंपनीचे गोल्ड शिक्क्याचे दोन पॉवर सप्लाय स्वतंत्र चाचण्यांत फुटले. ते ग्राफिक कार्डांबरोबर जोडीने विकले गेले होते. अखेर कंपनीने पॉवर सप्लाय आपोआप बंद होण्याची अतिभाराची मर्यादा कुवतीच्या १२०–१५० टक्क्यांवरून ११०–१२० टक्क्यांवर आणली आणि जुना माल बदलून दिला. दिवाळीच्या जोडविक्रीत पॉवर सप्लाय पदरात पडला, तर त्याचे मॉडेल शोधून भारावरच्या स्वतंत्र चाचण्या वाचल्याशिवाय तो जोडू नये.

प्रश्न : कुर्ल्याच्या भंगार बाजारात सर्व्हरमधून काढलेले १२०० वॉटचे पॉवर सप्लाय अगदी नाममात्र दरात मिळतात. ते घरच्या गेमिंग संगणकाला लावता येतील का?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : हे पॉवर सप्लाय दणकट असतात, पण ते मुख्यत्वे केवळ १२ व्होल्ट देतात. आपल्या मदरबोर्डला ३.३ आणि ५ व्होल्टही लागतात, तसेच संगणक चालू-बंद करण्याचा संकेतही लागतो. त्यासाठी जोड-पट्ट्या मिळतात, मात्र मग ग्राफिक कार्ड एका पॉवर सप्लायवर आणि मदरबोर्ड दुसऱ्यावर अशी व्यवस्था होते, आणि दोन्ही एकाच क्षणी सुरू झाले नाहीत तर कार्डाला धोका पोहोचतो. त्यांचे छोटे पंखे घरात सहन होणार नाहीत इतके कर्कश असतात. बॅटरी चार्जिंगसारख्या प्रयोगासाठी, जाणकार सोबत असेल तर, ते अवश्य घ्यावेत. संगणकासाठी घेऊ नयेत; त्याच पैशांत थोडी भर घालून ६५० वॉटचा, पक्क्या बिलाचा, शिल्लक मालातला पॉवर सप्लाय पाहावा, आणि घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का हे त्याच दिवशी वायरमनकडून तपासून घ्यावे.