काडतुसं भरायचा प्रेस नको, एअर रायफल घे

भाऊ, नेम शिकायला घरी काडतुसं भरायचा प्रेस, म्हणजे रिकाम्या काडतुसात पुन्हा दारू-गोळी बसवायचं हातयंत्र, घेऊ का म्हणून विचारलं तू; घेऊच नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. शेतरक्षणाच्या बंदुकीचा त्याला चालत नाही. नेमच शिकायचा ना? मग ४.५ मिमीची एअर रायफल घे. टाकीत दाबून हवा भरायची रायफल जास्त अचूक, पण आपल्या गावात तिचा कॉम्प्रेसर कुठं? हातपंपानं २०० बार दाबाची हवा भरताना दम निघतो. पहिली रायफल स्प्रिंगच्या जोरानं छर्रा उडवणारीच बरी. ती झटका देते, घट्ट आवळली की छर्रा भरकटतो. डाव्या तळव्यावर नुसती टेकव. तीन-चार प्रकारचे छर्रे १० मीटरवर मारून पाहा, एका जागी पडतात तेच ठेव. निशाणामागं धुऱ्यावर मातीचा ढीग हवाच. अन् रानडुकरावर मुळीच झाडू नको, जनावर नुसतं जखमी होते.