मेडिकेडचा निधी कापला की रुग्णालयं एवढा विरोध का करतात?
अमेरिकेतल्या राज्यांनी मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात, कपात सुचवली की रुग्णालयं का खवळतात, असं विचारलंय. कारण फटका दुहेरी असतो. १९६५ पासूनच्या या योजनेत उपचारांचा किमान निम्मा खर्च केंद्र सरकार उचलतं. राज्याने एक डॉलर कापला की केंद्राचाही निदान एक डॉलर जातो.

रुग्ण मात्र तेवढेच राहतात. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत आलेल्याला, खिशात पैसे असोत-नसोत, तपासून सावरावंच लागतं. मग कात्री लागते प्रसूती विभागाला. तिथे नर्स, भूलतज्ज्ञ चोवीस तास लागतात, आणि देशातल्या दहापैकी सुमारे चार बाळंतपणांचा खर्च मेडिकेडच देतं. खेड्यातला विभाग बंद पडला तर कळा सुरू झालेल्या बाईने लांबच्या शहरापर्यंत गाडीत कसं बसायचं? मला तरी ही ओरड रास्तच वाटते.