पिकअप ब्रेकच्या रिकॉलमध्ये आहे (दोषामुळे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्यात), पार्ट यायला दीड महिना लागेल म्हणतात. तोवर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून कोल्हापूरला मासळी वाहू का?

नाही, भरलेली पिकअप आंबा घाटातून नेऊ नका. रिकॉल ब्रेकच्या नळीचा असेल तर पार्ट बसेपर्यंत घाट बंदच ठेवा. मी चिपळूणला गॅरेजमध्ये ब्रेकचंच काम करतो. नळी पाझरली की तेल कमी होतं, पेडल खोल जातं, आणि उतारावर वजन मागून रेटत असताना हे कळून उपयोग नसतो. त्यात मासळीच्या बर्फाचं खारं पाणी चासीवर गळतं, त्यामुळे लोखंडी पाईप इतर गाड्यांपेक्षा लवकर गंजतात. त्यामुळे कंपनीचा पार्ट बसवताना शेजारचे पाईपही बघायला सांगा.

उशीर मात्र मुकाट्याने सोसू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम ११०-अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सरकारने रिकॉलचा आदेश दिला तर खर्च कंपनीचा, तुमचा नाही. म्हणून:
- आरसीवरचा चासी नंबर देऊन तुमची गाडी यादीत असल्याचं डीलरकडून लेखी घ्या.
- पार्ट कधी येणार, ती तारीखही लेखीच. तोंडी "येईल हो" चालवून घेऊ नका.
- टाळाटाळ झाली तर सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवा.

एक अट आहे: हे सरकारी नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना लागू होतात. गाडी जुनी असेल तरी कंपनीने स्वतःहून जाहीर केलेल्या रिकॉलमध्ये ती असू शकते, तेव्हा चासी नंबर तपासाच.