कॅन्सर हृदयापर्यंत पसरू शकतो का? ते कसं कळतं?

तुम्ही लिहिलंय की मावशींचा स्तनाचा कॅन्सर तीन वर्षांपूर्वी बरा झाला होता, आता चार पावलं चाललं तरी धाप लागते आणि टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाभोवती पाणी दिसलंय. मी डॉक्टर नाही. बाबांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हेच जवळून पाहिलंय, म्हणून लिहितो.

हो, पसरतो. हृदयातच सुरू झालेला कॅन्सर फार क्वचित. दुसरीकडून तिथे पोचलेला त्याच्या कितीतरी पट जास्त. फुप्फुस, स्तन, रक्ताचा कॅन्सर, लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर), मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) यांत तो जास्त दिसतो. बहुतेकदा तो हृदयाच्या आवरणात, म्हणजे पेरिकार्डियममध्ये शिरतो आणि तिथे पाणी साचतं.

बाबा आडवे झाले की गुदमरायचे. रात्रभर पलंगाच्या कडेला बसून, मांडीवरच्या उशीवर डोकं टेकून डुलक्या घ्यायचे. फुप्फुसाचा आजार आहे, धाप लागणारच, असं धरून आम्ही आठ दिवस घालवले. त्याचं आजही वाईट वाटतं. पाय सुजले, मानेच्या शिरा टरारल्या, तेव्हा कुठे इको झाला. पडद्यावर काळ्या कड्यात हृदय अक्षरशः हेलकावे खात होतं. ईसीजीतही एक ठोका उंच, पुढचा बुटका. पाण्याच्या दाबामुळे हृदयाला रक्त भरून घ्यायला जागाच उरत नव्हती. याला टॅम्पोनाड म्हणतात आणि तो जिवावर बेततो. छातीच्या मधल्या हाडाखालून सुई घालून लालसर पाणी काढलं. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "आता ही उशी घे बाजूला." त्या रात्री ते आडवे झोपले. पुढे पाच महिने आमच्यात होते.

पण पाणी दिसलं म्हणजे कॅन्सरच, असं धरू नका. क्षयरोग, छातीला दिलेलं रेडिएशन, थायरॉइड, किडनी, यांनीही पाणी होतं. ते पाणी सायटॉलॉजीला, म्हणजे त्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, पाठवतात. कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर निदान पक्कं. नाही सापडल्या तरी शंका पूर्ण फिटत नाही, मग कधी आवरणाचा तुकडा काढून तपासतात. हृदयाच्या आत गाठ दिसली, तर ती रक्ताची गुठळी की ट्यूमर हे बघायला एमआरआय उपयोगी पडतो. शरीरात आणखी कुठे आजार आहे का, ते पेट स्कॅनमध्ये दिसतं.

मावशींच्या पाण्यात पेशी मिळाल्याच, तर ईआर, पीआर आणि हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचे हार्मोनचे आणि हर-टू प्रथिनाचे रिसेप्टर) पुन्हा तपासता येतील का, हे ऑन्कॉलॉजिस्टना जरूर विचारा. हे रिपोर्ट पहिल्या वेळेपेक्षा वेगळे येऊ शकतात आणि औषध त्यांवरच ठरतं. आणि त्यांना आडवं झोपवत नसेल, चक्कर येत असेल किंवा बीपी उतरत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच्या आज कॅज्युअल्टीत न्या.