कुलूप, घंटा आणि छत्तीसावं पोर

प्रश्न : मी नागपुरात एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, मुलं ४६. मागच्या महिन्यात आगीचं मॉकड्रिल झालं. घंटा मधल्या सुट्टीचीच वाजली, त्यामुळे निम्मी पोरं डबे घेऊन पळाली. मागच्या जिन्याला कुलूप होतं आणि किल्ली असलेले शिपाईदादा बँकेत गेलेले. फोटो काढून वर पाठवले, विषय संपला. मी एकटी काय करू शकते?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, डब्यांचं वाचून आधी हसू आलं, कुलपाचं वाचल्यावर थांबलं.

अग्निशमन दलातल्या नोकरीत मी शाळांचे असे पुष्कळ सराव पाहिले, काही घेतलेही. आग कशी लागली याइतकंच पोरं कुठे अडकली हे महत्त्वाचं. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपरावर गेली. उतरायला अरुंद जिना. ९४ मुलं गेली. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांत अग्निशामक यंत्रं बसवा आणि शिक्षकांना ती चालवायला शिकवा, असा आदेश दिला. हेडसरांपुढे हे बोला, तुमचं ऐकतील. कुलूप काढून आतून उघडणारी कडी लावून घ्या. चोरांची भीती असेल तर कुलूप शाळा सुटल्यावर लावा.

घंटा वेगळी हवीच. पण नुसत्या आवाजावर विसंबू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात अंबाझरी तलावाचं पाणी रात्री वस्त्यांत शिरलं, तेव्हा मूकबधिर शाळेतल्या मुलांनाही बाहेर काढावं लागलं. कमी ऐकू येणारं पोर तुमच्या वर्गात असेल तर त्याचा हात कोण धरणार, ते आजच ठरवा.

आता हजेरी. वर्ग सोडताना पर्स राहू द्या, हजेरीपट घ्या. मैदानात तुमच्या वर्गाची जागा ठरलेली असावी आणि तिथे डोकी मोजावीत. एका शाळेत ३६ पैकी ३५ भरली. छत्तीसावा संडासात, चड्डीच्या नाडीची गाठ सोडवत बसलेला. घंटा त्याला ऐकू आली होती, पण तसा बाहेर येणार कसा? तेव्हापासून मी शिक्षकांना आधी संडास बघायला सांगतो.

अग्निशामक यंत्राचं थोडक्यात. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, बघा. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, पाठ दाराकडे ठेवा. लहान सिलिंडर काही सेकंदांत रिकामं होतं, म्हणून कचऱ्याच्या डब्याएवढ्याच आगीशी झुंजा. त्याहून मोठी असेल तर पोरांना घेऊन निघा आणि १०१ फिरवा. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच गावात, एनडीआरएफ या आपत्ती बचाव दलाची अकादमीही इथेच, तरी पिन ओढलेला शिक्षक मला क्वचित भेटतो.

आणि पुढचा सराव तारीख न सांगता, मधल्या सुट्टीतच घ्या म्हणावं. डबे उघडे असताना.