जळगावात घडणाऱ्या मानसशास्त्रीय थरारकथेत संवादांतून भीती कशी आणावी?

विचारलेल्या प्रश्नाला पात्रानं सरळ उत्तर देऊ नये. भीती तिथूनच सुरू होते. बायको विचारते, "मागचं दार कोणी उघडलं?" नवरा ताटात भरीत वाढत म्हणतो, "कळण्याची भाकरी गार होतेय, जेव आधी." आवाज चढलेला नाही, धमकी नाही, तरी वाचकाचं लक्ष दारावरून हलत नाही. दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा तपासताना नेहमी दिसतं, खलपात्र मनातलं सगळं बोलून टाकतं आणि ताण तिथंच संपतो. अहिराणीही कामाला लावा. एरवी प्रमाण मराठी बोलणारा माणूस खोटं उघडं पडताच अहिराणीवर आला, तर त्याचा तोल गेल्याचं वेगळं सांगावं लागत नाही. मात्र दोघंही टाळाटाळ करू लागले की वाचक कंटाळतो. एकानं तरी रोखठोक विचारत राहायला हवं.