बफर, सामू आणि स्वयंपाकघरातली क्रियापदे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई जीवरसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची वही मराठीत उतरवत आहेत. ‘बफर’साठी, म्हणजे पीएच सहसा बदलू न देणाऱ्या द्रावणासाठी, त्यांना एका हिंदी पुस्तकात ‘उभय प्रतिरोधी विलयन’ सापडले. ते घ्यावे का? ‘पीएच’ला, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी ते सांगणाऱ्या आकड्याला, ‘सामू’ म्हटले तर एमएस्सीची मुले हसतील का? आणि ‘पीएच अ‍ॅडजस्ट करणे’, ‘व्हॉल्यूम मेक अप करणे’ यांचे काय करायचे?

आधी हसण्याचे बघू. ‘सामू’ नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, म्हणून तो पोरकट वाटतो एवढेच. प्रत्यक्षात हा शब्द शाळेबाहेरच जास्त चालतो. माती परीक्षणाचा अहवाल उघडा. सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब अशा ओळीने रकाने असतात. डाळिंब लावणारा माणूस ‘आमच्या रानाचा सामू साडेआठ आहे’ असे सहज सांगतो, आणि त्याच जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे त्याला जन्मभर पीएच म्हणतात. ज्याचा शब्द त्याला लखलाभ, पण लिहिताना सामूची एक मोठी सोय आहे: त्याला विभक्ती नीट लागते. सामूचा, सामूला, सामूत. ‘पीएचचा’ लिहून बघा, जीभ दोन चकारांत अडकते.

सामू पुल्लिंगी. आणि त्याच्यासाठी ‘वाढला-कमी झाला’पेक्षा ‘चढला-उतरला’ बरे, असे माझे मत. सामू उतरतो तेव्हा आम्लता वाढत असते, त्यामुळे एकाच वाक्यात ‘सामू कमी झाला व आम्लता वाढली’ आले की नवा विद्यार्थी गोंधळतो. शिवाय हे मोजमाप घातांकाचे. एका अंकाने उतरला म्हणजे हायड्रोजन आयन दहापट झाले. म्हणून ‘सामू दुप्पट झाला’ या वाक्याला व्याकरण आहे, अर्थ नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (होय, बिअरवाले कार्ल्सबर्गच) विकरांवर (एन्झाइमांवर) काम करताना रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ साली ही मोजपट्टी आणली, तेव्हा त्यांनी तिला नावच ‘हायड्रोजन आयनाचा घातांक’ या अर्थाचे दिले होते. पीएचमधला पी कशाचा, यावर त्यानंतर बरीच शाई सांडली. सामूवाल्यांना त्या भांडणात पडायचे कारण नाही.

आता बफर. ‘उभय प्रतिरोधी’तला ‘उभय’ मला आवडतो, कारण आम्ल घाला की आम्लारी (बेस), बफर दोन्हीकडून येणारा धक्का घेतो. पण ‘प्रतिरोधी’ फसवा आहे. बफर काही दारात काठी घेऊन उभा राहत नाही. आलेले हायड्रोजन आयन तो पचवतो, आणि पचवण्याची ताकद संपली की सामू धाडकन कोसळतो. शिवाय ‘विलयन’ म्हटले की मराठी वाचकाला बँकांचे नाहीतर संस्थानांचे विलीनीकरण आठवते. आपल्याकडे ‘द्रावण’ रुळलेला आहे.

मग बफरला मराठी शब्द कोणता? माझे उत्तर: बफर. ताडोबाच्या बातमीत ‘बफर क्षेत्र’ असते, नाशिककडे कांद्याचा ‘बफर स्टॉक’ असतो, आणि नेट मंदावले की व्हिडिओ ‘बफर होतो’. आपणच तेवढे परक्याचे उचलतो असेही नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ‘ताँपाँ’ म्हणतात, जर्मन ‘पुफर’ म्हणतात, आणि रेल्वेच्या डब्याला टोकाशी धक्का झेलणारे जे गोल तबकडीवाले दांडे असतात त्यांनाही त्या भाषांत हेच शब्द आहेत. म्हणजे रसायनशास्त्राने शब्द रेल्वेकडून घेतला असावा. आपल्या रेल्वेतही तो बफरच. वहीत एकदा ‘बफर, म्हणजे सामू धरून ठेवणारे द्रावण’ असे लिहा आणि पुढे निर्धास्तपणे बफर वापरा.

एका शब्दाबाबत मात्र सावध राहा, तो म्हणजे ‘क्षार’. हिंदीत क्षार म्हणजे आम्लाच्या विरुद्ध टोकाचा पदार्थ, आणि मिठासारख्यांना लवण. आपल्या शालेय पुस्तकांत आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार व पाणी होते, म्हणजे क्षार हे मिठाच्या जागी. ‘बोअरच्या पाण्यात क्षार फार’ म्हणणारी गृहिणीही याच अर्थाने बोलते. हिंदीवरून उतरवताना ‘क्षारीय बफर’ तसेच राहिले, तर मराठी विद्यार्थी त्यात मीठ शोधेल. तिथे ‘आम्लारिधर्मी’ लिहा. शब्द खडबडीत आहे, पण घोटाळा करत नाही.

खरी मेहनत मात्र क्रियापदांवर घ्यायला हवी. नामे उसनी चालतात. क्रियापद चुकले तर प्रयोग चुकतो.

‘मेक अप’चेच घ्या. ट्रिस (बफर करायला वापरतात ते एक रसायन) १ मोलर तीव्रतेचे करायचे तर १२१.१ ग्रॅम ट्रिस घेऊन शेवटी एकूण १ लिटर द्रावण व्हायला हवे. भाषांतरात सर्रास दिसते: ‘१२१.१ ग्रॅम ट्रिस १ लिटर पाण्यात विरघळवा.’ चुकले! ‘पाण्यात’ म्हटले की पाणीच १ लिटर घेतले जाते आणि द्रावण लिटरच्या वर जाते, शिवाय आम्ल घालायला जागाच उरत नाही. लिहावे असे: ‘सुमारे ८०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, सामू जुळवा, मग पाणी घालून एकूण १ लिटर करा.’ सगळी भिस्त ‘घालून एकूण’ या दोन शब्दांवर आहे.

‘अ‍ॅडजस्ट’ला मी ‘जुळवणे’ सुचवतो, तंबोरा जुळवतात तसे. आकडा द्यायचा असेल तर ‘७.४ वर आणा’. बोलताना ‘पीएच सेट केला का?’ असेच विचारतात, विचारू द्या. मात्र आम्ल थेंबाथेंबाने घालायचे असते, हे वाक्यात यायला हवे. हात सैल पडून सामू ७.१ ला उतरला, मग सोडियम हायड्रॉक्साइड घालून परत चढवला, तर आकडा ७.४ दिसेल, पण द्रावणात फुकटचे मीठ शिरलेले असते. ‘उतरवत आणा’ हे क्रियापद दिशाही सांगते, ‘अ‍ॅडजस्ट’ सांगत नाही.

सामू मोजायच्या इलेक्ट्रोडबद्दलच्या सूचनांना तर घरातले शब्द तयार आहेत. दोन द्रावणांच्या मधे इलेक्ट्रोड ‘धुवायचा’ नसतो, ‘विसळायचा’ असतो. विसळल्यावर तो ‘पुसायचा’ नसतो, ‘टिपायचा’ असतो. टोकाचा काचेचा फुगा नाजूक असतो आणि घासला की त्यावर विद्युतभार साचून आकडा डळमळतो. टीपकागद आणि फाउंटन पेन वापरलेल्या पिढीला हा फरक शिकवावा लागणार नाही.

आणि ‘निवणे’. ट्रिसमध्ये तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातले (७.४ साठी लिटरला सुमारे ७० मिलिलिटर लागते) की चंचुपात्र चांगलेच तापते. शेवटचा आकडा घेण्याआधी द्रावण खोलीच्या तापमानाला यायला हवे. ‘थंड करा’ लिहिले तर कोणीतरी ते फ्रिजमध्ये ठेवतो. ‘निवू द्या’ लिहिले तर कोणी ठेवणार नाही; वरण निवायला ठेवतात तेव्हा ते फ्रिजमध्ये जात नाही.

तापमानाचा हा मुद्दा मी अक्कलखाती रक्कम जमा करून शिकलो. ट्रिसचा सामू दर अंश सेल्सियसला साधारण ०.०२८ ने बदलतो, तापमान उतरले की सामू चढतो. २५ अंशांना ७.४ वर आणलेला बफर घेऊन मी शीतखोलीत, ४ अंशांना, प्रथिन वेगळे करत बसलो होतो. तिथे तो जवळपास ८ झालेला. तीन दिवस प्रथिनाला दोष दिला. नंतर कळले, माझ्या वहीत ‘सामू ७.४’ असे होते, पण कितव्या अंशाला ते नव्हते. फॉस्फेट बफर असता तर इतका फरक पडला नसता.

तेव्हा ताई, बाटलीवरच्या चिठ्ठीसाठीही नमुना देऊन ठेवा: ‘ट्रिस बफर, १ मोलर, सामू ७.४ (२५ अंश से.ला), केल्याची तारीख, करणाऱ्याचे नाव’. ‘करणाऱ्याचे’ऐवजी ‘करणाऱ्याचे/करणारीचे’ लिहिलेत तर उत्तम. आमच्या वेळी बफर बहुतेक मुलीच करत, आणि चिठ्ठीवर नाव भलत्याचेच असे.